तू टॅग लावलेस, व्यंकट

व्यंकट, शेवटची तीन वर्षं मी तुझ्याशी धड बोललो न्हाई, आणि आता तू न्हाईस तर बोलायला बसलोय. बघणारा म्हणंल, म्हातारं चळलं. म्हणू दे. माझ्या तोंडाला आजवर कुणी कुलूप लावलंय? मोठ्या भावाला म्हणतात तसं तू मला अण्णा म्हणायचास आणि लगेच अरेतुरे करायचास. "अण्णा, जिभेला जरा ग्रीस लाव, लई करकर करायलीय." एवढं बोलायची हिंमत अख्ख्या कारखान्यात एका तुझीच व्हती.

गुलबर्ग्याकडचा आपला सिमेंटचा कारखाना, त्याची टूल रूम, तिची ती जाळीची खिडकी आणि खिडकीमागं आपण दोघं. अर्धी जिंदगी तिथं गेली. मी मादन हिप्परग्याचा, माझा आजा मेंढरं घेऊन रानोमाळ फिरलेला, बापानं शेती धरली, मी हत्यारं धरली. तू औरादच्या मास्तरचा पोरगा. मास्तरला तुला बी.ए. करायचं व्हतं आणि तू आय.टी.आय. करून आलास. मास्तर एकदा तुला बघायला आले, खिडकीत वाकून बघितले आणि म्हणले, "अरे, हे तर दुकान झालं." तू म्हणलास, "दुकानच हाय आप्पा, फक्त गिऱ्हाईक माल परत आणून देतंय." मास्तर हसले न्हाईत, पण परत जाताना खुशीत गेले. मला दिसलं.

तेव्हा पितळी बिल्ल्याचा कारभार व्हता. प्रत्येक फिटरकडं त्याच्या नंबराचे गोल बिल्ले. पाना पायजे तर बिल्ला खिडकीत ठेवायचा. आपण पाना द्यायचा आणि पान्याच्या जागी खिळ्याला बिल्ला अडकवायचा. पाना परत आला की बिल्ला परत. भिंतीकडं नुसतं बघितलं तरी कळायचं, चेन पुल्ली कुणाकडं, मोठा जॅक कुणाकडं, आणि कोण कालपासून ग्राइंडर दाबून बसलंय. तू बिल्ला अडकवायच्या आधी त्याच्यावर फुंकर मारायचास. कामून मारतोस म्हणून मी कितीदा विचारलं, तू म्हणायचास, "सिमेंट बसतंय अण्णा, त्याचा नंबर घुसमटतोय." काय बी बोलायचास.

आणि त्या खिडकीवर माणसं थांबायची. पाना घेतला आणि गेला असं कुणी नव्हतंच. पोरीला बघायला पाव्हणे आले ते तिथं कळायचं, भावाभावांचं बांधावरून वाजलं ते तिथं कळायचं. कन्नड, मराठी, दख्खनी, सगळं एकाच श्वासात. आणि तू तर असला बेरकी, गोष्ट रंगात आली की पाना द्यायचाच न्हाईस. "थांब की जरा, सापडंना," म्हणायचास, आणि पाना तुझ्याच मांडीवर! मी बघून न बघितल्यासारखं करायचो. मला बी गोष्टीचा शेवट ऐकायचा असायचा.

मग सायबानं आपल्याला दोघांनाच बोलावलं. साहेब चांगला माणूस, उगं त्याच्या नावानं खडे फोडणार न्हाई. खुर्ची दिली, चहा दिला आणि सरळ सांगितलं. आता प्रत्येक हत्याराला रेडिओचा टॅग लागणार. दारात एक पेटी बसणार. हत्यार दारातनं गेलं की पेटीला आपोआप कळणार, माणसाच्या गळ्यातल्या कार्डावरनं माणूस कळणार, आणि कुठला पाना कुणी नेला ते कॉम्प्युटरमधी जाणार. बिल्ला नको, खिडकी नको. आणि हे नीट चाललं की टूल रूमला एकच माणूस पुरे. नोकरी कुणाची जाणार न्हाई, पण दुसऱ्यानं छत्तीसगडच्या नव्या प्लांटवर जायचं, तिथं हेच सगळं बसवायला. ज्याला हे जमंल, तो जाईल.

ज्याला जमंल! मला तर कॉम्प्युटर बघितला की घाम फुटायचा. म्हणजे जाणार कोण, ते चहा संपायच्या आत ठरलं व्हतं. टॅग चालले तर तू जाणार. टॅग बोंबलले तर तू माझ्याजवळ राहणार. एवढं सोपं व्हतं ते. बाहेर आल्यावर मी तुला म्हणलो, "व्यंक्या, जमवू नको." तू म्हणलास, "आधी बघू तर दे अण्णा, काय चीज हाय ती."

बघायला लागलास आणि तुझा तू राहिलाच न्हाईस. पहिले आले ते कागदासारखे पातळ टॅग. लोखंडावर चिकटवले की मुके. दारातनं पाना दहादा न्यावा, पेटी गप्प! मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी सगळ्या पाळीला भजी खाऊ घातली. पण सायबाला त्यातलं कळत व्हतं. त्यानं लोखंडासाठीचे वेगळे, जाड टॅग मागवले, आणि ते लागल्याबरोबर पेटी बोलायला लागली. टीं. टीं. तू एकेक पाना पुसून, टॅग दाबून धरून, मनात काहीतरी पुटपुटत बसायचास. शिवेवरच्या औरादच्या माणसाला तीन भाषा काय चार काय. वेल्डरला तेलुगूत समजावलंस, फिटरांना कन्नडमधी, कंत्राटी पोरांना दख्खनीत. मला मराठीत सांगायला आलास तर मी म्हणलो, "गाढवापुढं गीता वाचू नको, जा." तू हसून गेलास आणि दुसऱ्या दिवशी परत सांगायला आलास.

आता खंडेनवमीचं बोलू. ते बोलल्याशिवाय आपलं भांडण पुरं व्हायचं न्हाई.

आपल्याकडं काय रीत, तुला ठाऊक. आदल्या दिवशी कारखान्यातलं झाडून सगळं हत्यार टूल रूममधी परत यायचं. बिल्ले चिंचेनं घासायचे, हत्यारं रॉकेलमधी भिजत घालायची, तारेच्या ब्रशनं लख्ख करायची, मग हळदकुंकू, झेंडू, कोहळा. वर्षभर ज्यानं भाकर दिली त्याला एक दिवस तरी न्हाऊ घालावं. त्या वर्षी बी मी तसंच केलं. पिंपात रॉकेल ओतलं, पाने सोडले, घरी गेलो. सकाळी येऊन झाकण काढलं तर टॅग वर तरंगायलेत! सगळा डिंक सुटलेला. जे थोडे चिकटून राहिले व्हते त्यांना मदतीला आलेल्या पोरांनी ब्रश मारला, "अण्णा, ही घाण निघंना," म्हणत. तोवर कुणाच्या बी डोक्यात आलं न्हाई की ही घाण न्हाई, ह्याच्यावर कंपनीनं पैसा ओतलाय.

साहेब आला, पिंपात बघितला, माझ्याकडं बघितला, आणि कपाळाला हात लावून देवापुढं जाऊन बसला. पूजेच्या दिवशी शिव्या तरी कशा देणार बिचारा. आणि तू! तू पोट धरून खाली बसलास. हसता हसता तुझ्या डोळ्यांतनं पाणी. चाळणी आणलीस आणि जिलबी काढावी तसे टॅग पिंपातनं काढायला लागलास. "अण्णा, देवाला तळून ठेवलास का हे?" अख्खी टूल रूम हसली. मी बी हसलो. इतकं हसणं त्या खोलीत परत झालं न्हाई.

मला वाटलं, संपलं. आता साहेब म्हणंल जाऊ द्या, आपला बिल्ला बरा. खंडोबाची आण घेऊन सांगतो, मी ते मुद्दाम केलं नव्हतं. तू तीन वर्षं विचारत राहिलास, "खरं सांग अण्णा, मुद्दाम भिजवलास ना?" आणि मी तुला एकदा बी नीट उत्तर दिलं न्हाई, उगं फोन कानापासून लांब धरायचो. आज सांगतो. मुद्दाम न्हाई केलं. पण ते टॅग तरंगताना बघून माझ्या जिवाला जे बरं वाटलं, ते तुला कसं सांगू?

आणि तू काय केलंस? दसऱ्याचं सोनं वाटून झालं आणि दुसऱ्या दिवशी परत टॅग लावायला बसलास. ह्या वेळी रॉकेलला दाद न देणारा चिकट मसाला सायबाकडनं मागून घेतलास, वर बारीक पट्टी आवळलीस. मी समोर उभा राहिलो.

"कामून परत लावायलास? राहू दे की."

"काम हाय अण्णा."

"काम हाय! आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायलास ते कळंना का तुला? हे चाललं की तू छत्तीसगडला, मी इथं भिंतीशी बोलत."

"ठाऊक हाय मला."

"मग जरा वाईट कर की! थोडं. दोन-चार ढिले राहू दे."

तू वर बघितलं न्हाईस. पट्टी आवळत व्हतास. म्हणलास, "मला वाईट करता येत न्हाई अण्णा. तूच शिकवलास ना मला, ढिला पाना म्हणजे फिटरचं बोट गेलं म्हणून. आता उलटं कुठनं शिकू?"

माझीच शिकवण तू माझ्यावर उलटवलीस. आणि असं झालं की मला राग येतो, तुला ठाऊकच हाय. मी म्हणलो, "तर मग जा मसणात." हे मी बोललो. भांडणात माणूस बोलतोच, त्यात काय. पण आता रोज ऐकू येतंय.

तुला मी स्टेशनवर सोडायला आलो व्हतो. तुझ्या बायकोनं, सुनंदानं औरादहून शेंगाचटणी धाडली व्हती, माझ्या घरच्या ज्वारीच्या भाकरी. पोरांच्या शाळेपायी ती औरादलाच राहणार व्हती, म्हणजे तू एकलाच. गाडी उशिरानं आली. एवढा वेळ आपण दोघं काय बोललो? मोठ्या चेन पुल्लीचा हूक बदलायला पायजे, तेवढंच. तू म्हणलास, "हूकाचं सायबाला सांग." मी म्हणलो, "सांगतो." गाडी हलल्यावर तू दारातनं ओरडलास, "आणि राग उतरला की ये!" मी हात बी वर केला न्हाई.

तू गेल्यावर तुझं काम काय छान चाललं, व्यंकट. इतकं छान की मला काम उरलं न्हाई. माणूस दारातनं येतो, पाना उचलतो, पेटी टीं करते, माणूस जातो. कुणी काही विचारत न्हाई, सांगत न्हाई. खिडकीला आतनं पत्रा मारलाय. हत्यार हरवायचं तर बंदच झालं, साहेब खूश. एकदा वेल्डर रहीमचाचा सवयीनं पत्र्यावर टकटक करून उभा राहिला. मी पळत दारापर्यंत गेलो. म्हणला, "अरे हौ, मैं तो भूलीच गया, अब सीधा अंदर आना ना," आणि ग्राइंडर घेऊन गेला. त्याची बायको आजारी व्हती ते मला दोन महिन्यांनी कँटीनमधी कळलं. पहिलं असतं तर डॉक्टरच्या आधी आपल्याला कळलं असतं.

डबा उघडला की मी आधी तुझ्या बाजूला बघायचो. मग मलाच लाज वाटायची. कुणाला सांगणार? पन्नाशीचा गडी, घरी बायको, लेकी, नातू, सगळं भरलेलं, आणि म्हणायचं काय, की एका माणसावाचून मला करमंना? आपल्यात असं बोलत न्हाईत. मग मी काय केलं, तर तुझ्यावर रागच धरून ठेवला. राग असला की माणूस जवळ असल्यासारखा वाटतो. तू फोन करायचास, मी "हं", "हां", "बघू." तू म्हणायचास, "ये की अण्णा एकदा, हितली टूल रूम बघ." मी म्हणायचो, "तुझं डबडं मी इथं रोज बघतो." दिवाळीला औरादला आलास की वाकडी वाट करून कारखान्यात यायचास. मी तुला दाखवून दाखवून कामात असायचो. काम नसताना.

मग तिकडनं फोन आला सायबाला. सकाळी पाळी सुरू व्हायच्या वक्ताला तुझ्या छातीत कळ आली, दवाखान्यात नेईस्तोवर खेळ संपला. साहेब स्वतः चालत टूल रूमला आला. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला. मी म्हणलो, "साहेब, पेटी बिघडली का?" मला खरंच तेवढंच सुचलं.

औरादला तुला बघितलं. गाडीनं आणलेला, काळवंडलेला. मास्तर आप्पा दारात खुर्चीवर बसले व्हते, त्यांनी माझा हात धरला आणि "माझं पोरगं तुमच्याजवळच बरं व्हतं हो," म्हणले. मी हात सोडवून घेतला, खांदा द्यायचा व्हता. तेराव्याचं जेवण झाल्यावर सुनंदा जवळ आली. म्हणली, "अण्णा, त्यांचं सामान तिकडंच राहिलंय. माझ्या भावाला ती जागा ठाऊक न्हाई, भाषा येत न्हाई. तुम्ही आणता का?"

मी व्हय म्हणलो. तू तीन वर्षं बोलावलंस तेव्हा माझ्या पायाला मेंदी लावली व्हती.

आलो मी, व्यंकट. रात्रभर गाडीत बसून, गुडघे धरून आलो. तुझ्या प्लांटच्या गेटवर सिक्युरिटीनं मला अडवलं, पास न्हाई, कुणाला भेटायचं, कशाला आलात. मला आधीच झोप न्हाई. मी तिथंच त्याच्यावर सुरू झालो, आपल्या दख्खनीत, "अरे बाबा, मेरा आदमी मर गया इधर, उसका बोरियाबिस्तर लेने आया मैं, पास किसकू माँगताय तू?" माझा आवाज तुला ठाऊकच हाय. आतनं एक पिकल्या केसांचा फिटर हात पुसत धावत आला. सिक्युरिटीला म्हणला, "आने दे, आने दे." आणि मला विचारला, "आप नागनाथ अण्णा हैं ना?"

मी म्हणलो, तुला कसं कळलं?

म्हणला, "आवाज से। व्यंकट भाई आपकी नकल उतारते थे।"

हरामखोरा! परमुलखात जाऊन माझी नक्कल करत व्हतास?

भुवन त्याचं नाव. मला आत घेऊन गेला. तुझी टूल रूम बघितली. सगळं चकाचक, एकेक पाना जागेवर, एकेक टॅग घट्ट. मी दोन-तीन ओढून बघितले. एक बी ढिला न्हाई. तिथली माणसं हातातलं काम सोडून माझ्याभोवती जमली, आणि त्यांना मी सगळा पाठ! चहा बिनसाखरेचा लागतो ते ठाऊक, माझ्या धाकट्या लेकीचं लग्न कुठं झालं ते ठाऊक. माझ्या आजाच्या मेंढरांची गोष्ट एकानं मलाच सांगितली, ती बी चुकीची. मी तीन वर्षं इथं पत्र्याशी बोलायलो, आणि तिकडं तू मला खोलीभर वाटून ठेवला व्हतास.

तुझी ट्रंक बांधून झाली. निघताना भुवन दारापर्यंत आला. जरा घुटमळला. मग म्हणला, "अण्णा, एक बात पूछूँ? आप अब भी नाराज हैं उनसे?"

मी ट्रंक ह्या हातातनं त्या हातात घेतली.

"वो कहते थे, अण्णा का गुस्सा उतरेगा तो खुद आएँगे। फोन रखते थे, तो हम सब पूछते थे, उतरा? वो बोलते, अभी नहीं।"

मी ट्रंक खाली ठेवली. ह्या माणसाला मी सकाळपर्यंत ओळखत नव्हतो, आणि ह्याला मी ते सांगितलं जे तुला स्टेशनवर सांगायला पायजे व्हतं, फोनवर सांगायला पायजे व्हतं, दिवाळीला सांगायला पायजे व्हतं.

"हौ," मी म्हणलो. "उतर गया."

भुवन मागं वळला आणि आतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "सुनो, अण्णा का गुस्सा उतर गया!"

सगळ्यांनी ऐकलं, व्यंकट. तेवढा तूच नव्हतास.